एका चावीत

दवाखान्यात माझ्या शेजारी बहीण-भाऊ बसले होते. वडील आत डॉक्टरांकडे होते.

“दादा, बाबा असे गप्प कधीपासून झालेत?”

“जुन्या गाडीत नवं इंजिन बसवलं तेव्हापासून. बाहेरून काडीचाही फरक नाही गं! तोच रंग, तेच दिवे. म्हटलं, या वयात त्यांचे हात काळे व्हायला नकोत.”

“आणि रोज सकाळी बॉनेटमध्ये डोकं घालून खुडबुड करायचे, ती?”

“आता गरजच नाही. एका चावीत सुरू होते.”

“मग करतात काय?”

“खाली जातात, चावी फिरवतात, बंद करतात आणि वर येतात.”

“जुनं इंजिन परत बसव ना.”

“भंगारात गेलं. टेम्पोत चढवताना बाबा त्या माणसांना सांगत होते, ‘जपून रे, आदळू नका.’”