तीन जिन्यांची खुशी

तीन जिने सिलिंडर खांद्यावर वाहून रामहरी सावेडीतल्या स्टीफन सरांच्या दारात घाम पुसत उभा होता. सर स्पीकर लावून कॅनडातल्या लेकीशी बोलत होते.

"पप्पा, काल हॉटेलात माझ्या टेबलावर आठ जण जेवले आणि टिप न ठेवताच गेले."

"निर्लज्ज मेले! वाढणाऱ्या पोरीच्या कष्टांची काही जाण?"

"टिपांवरच तर माझं खोलीभाडं निघतं."

"देव बघून घेईल त्यांना. थांब हं, एंजेला. काय रे, बिलाचे दिले ना? मग उभा का?"

"सर, लिफ्ट बंद हाय. कायतरी खुशी..."

"पगार मिळतो ना तुला? मागायला लाज कशी वाटत नाही!"

रामहरी फोनकडे वाकला.

"ताई, मनाला लावून घिऊ नका. असली गिऱ्हाइकं हितंबी लई हायेत."