टाकलेल्या दोन राण्यांबाबत

नाव : भाविका यमाजी हिलम. वय : २३ वर्षे. शिक्षण : बी.ए. व्यवसाय : नोकरी (चहापान व खोल्यांची साफसफाई). कायमचा पत्ता : कातकरवाडी, धसईजवळ, ता. मुरबाड, जि. ठाणे. सध्याचा पत्ता : मोहवन विश्रामगृह, तानसा रस्ता, ता. शहापूर, जि. ठाणे.

मी आज सोमवारी सकाळी अकरा वाजता पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वर लिहिलेल्या विश्रामगृहात चौदा महिन्यांपासून कामाला आहे. माझे वडील यमाजी व आई ठकी मजुरी करतात आणि पावसाळा सोडून वीटभट्टीवर असतात. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली आहे. माझी वनरक्षक पदासाठी निवड झाली असून चारित्र्य पडताळणी अजून व्हायची आहे. माझ्यावर जुगाराचा गुन्हा नोंदला गेला तर ती नोकरी जाईल. म्हणजे या प्रकरणात मी निर्दोष ठरण्यात माझा फायदा आहे. हे आधी सांगितलेले बरे, म्हणून सांगत आहे.

शनिवारी व रविवारी आमच्याकडे पोकर या पत्त्यांच्या खेळाचे नवशिक्यांसाठी शिबिर होते. ठाणे शहरातून आठ पाहुणे आले होते. शिकवणारे मितेश सर होते. या खेळात प्रत्येकाला दोन पत्ते लपवून मिळतात आणि मध्ये पाच पत्ते सर्वांसाठी उघडे केले जातात. पैसे लावलेले नव्हते. प्रत्येकाला सारख्याच प्लॅस्टिकच्या चकत्या दिल्या होत्या व खेळ संपल्यावर त्या डब्यात परत गेल्या. शेवटपर्यंत टिकणाऱ्याला एक पितळी चषक मिळणार होता. तो चषक आपण काल जप्त केला आहे.

दोन्ही दिवस टेबलावर चहा देण्याचे काम माझ्याकडे होते. मितेश सर नवशिक्यांना जे सांगत ते माझ्या कानावर पडत होते. मला ते आवडले म्हणून मी वहीत लिहून घेतले. जप्त केलेली शंभर पानी वही तीच. तिच्यात जुगाराचा हिशेब नाही, खेळ कसा खेळावा ते आहे. उदाहरणार्थ, दहापैकी सात-आठ वेळा मिळालेले पत्ते खेळण्यासारखे नसतात, ते मुकाट्याने टाकावेत. शेवटी बोलण्याची पाळी असलेल्याला सर्वात जास्त कळलेले असते, म्हणून तेव्हाच जास्त खेळावे. ज्याला कधीच पत्ते टाकवत नाहीत, त्याला खोटे घाबरवायला जाऊ नये, तो घाबरत नाही. समोरच्याने चकत्या पुढे केल्या की तो कोणती गोष्ट सांगतो आहे ते बघावे, आणि ती गोष्ट पहिल्या पत्त्यापासून जुळते का ते बघावे. मोठा डाव हरल्यावर उठून पाणी प्यावे, लगेच दुसरा डाव घेऊ नये.

त्याच वहीच्या मागच्या पानांवर चहाची यादी आहे. ती माझ्या कामाची आहे. कोणाला साखर किती, कोणाला आले नको, हे मी लिहून ठेवते. कप भरलेले परत आले की मॅनेजर विचारतात, "चहा बिघडवलास काय गो?" म्हणून कोणाचा कप भरलेला आला आणि का, हेही मी लिहिते. ओमकार देसले या पाहुण्यांचे कप शनिवारी चार वेळा भरलेले परत आले आणि सहा वेळा पूर्ण रिकामे, वर आणखी मागणी. मला कारण कळेना. शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास मी खोटा डाव आणि खरा डाव याबद्दलचे मितेश सरांचे बोलणे ऐकत उभी होते, तेव्हा कळले. देसले सरांना चांगले पत्ते आले की ते चहा विसरतात. वाईट पत्ते आले आणि तरी चकत्या लावायच्या असल्या की त्यांचा हात सारखा कपाकडे जातो. मी ते कारण त्यांच्या नावापुढे लिहिले. लिहिताना ते खेळासाठी लिहिले नव्हते. मॅनेजरना सांगण्यासाठी लिहिले होते.

रविवारी दुपारी दोन वाजता चषकाचा खेळ सुरू व्हायचा होता. एका पाहुण्या बाईंच्या मुलाला ताप आल्याने त्या सकाळीच परत गेल्या व एक जागा रिकामी राहिली. मितेश सर मला म्हणाले, "भाविका, बसतेस का? दोन दिवस कान देऊन ऐकतेयस." मी मॅनेजरना विचारले. ते म्हणाले, "बस गो. पाहुणे खूश तर आपण खूश." हा वेळ माझ्या कामात धरू नये असे मी त्यांना सांगितले. चहाची किटली माझ्यासोबत काम करणाऱ्या मालूकडे दिली. माझी जागा देसले सरांच्या बरोबर समोर होती. खेळ संपेपर्यंत मी जागेवरून उठले नाही.

देसले सर म्हणाले, "बघ हां, इथे भांडी घासायची नाहीत. डोकं लागतं." मालू मागून म्हणाली, "भांड्यांना पण लागतंय, साहेब." त्यावर सगळे हसले.

पत्ते मला नवे नव्हते, हे सांगणे भाग आहे. वडिलांना अक्षरे येत नाहीत, पण पत्त्यांवरचे आकडे येतात. शाळेत जाण्याआधी दहापर्यंतचे अंक मला त्यांनी भट्टीवर पत्त्यांवरून शिकवले. पोकर मात्र मी कालच पहिल्यांदा खेळले.

पहिला तासभर मी जवळजवळ प्रत्येक डावात पत्ते टाकले. देसले सर म्हणाले, "ही तर केर काढल्यासारखे पत्ते टाकते." माझे पत्ते खरोखर केरच होते. पावणेतीन किंवा तीन वाजता, नक्की वेळ आठवत नाही, मला दोन राण्या आल्या. दुपारभरात मला आलेले ते सर्वात चांगले पत्ते होते. मी चकत्या वाढवल्या. देसले सरांनी त्यांच्या सगळ्या चकत्या पुढे केल्या. मालूने नुकताच भरलेला कप त्यांच्या उजव्या हाताशी होता. मी सावकाश वीसपर्यंत मोजले. त्यांनी कपाकडे पाहिलेसुद्धा नाही. चहावर साय धरली. मी दोन्ही राण्या टाकल्या.

देसले सरांनी आपले पत्ते फिरवून सर्वांना दाखवले. दोन राजे होते. मी टाकले नसते तर बहुतेक तिथेच बाहेर पडले असते.

इथे माझ्याकडून चूक झाली. "टाकलेले पत्ते कोणालाही दाखवू नयेत" हे वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केले होते. पण मला इतका आनंद झाला की मी टाकलेले पत्ते उचलून मालूला दाखवले. ते देसले सरांनीही पाहिले. ते उठून उभे राहिले व म्हणाले, "दोन राण्या कोण टाकतं? हिने माझे पत्ते बघितले." मितेश सरांनी त्यांना खाली बसवले. त्या क्षणी मी राण्या दाखवल्या नसत्या तर आज आपला कोणाचाच वेळ गेला नसता.

साडेतीनपर्यंत बाकीचे सहा जण बाहेर पडले. मी व देसले सर उरलो. शेवटच्या डावात मला दोन नव्व्या आल्या. मध्ये राजा, सत्ती व चव्वी उघडली, मग दुर्री, मग एक्का. एक्का येईपर्यंत देसले सर थोड्याथोड्या चकत्या लावत होते. एक्का येताच त्यांनी सगळ्या पुढे ढकलल्या. म्हणजे आपल्याकडे एक्का आहे, अशी गोष्ट ते सांगत होते. पण हातात पहिल्यापासून एक्का असलेला माणूस डावाच्या सुरुवातीलाच जोर लावतो, आणि त्यांनी सुरुवातीला काहीच जोर लावला नव्हता. गोष्ट मागून जुळत नव्हती. एवढ्यात त्यांनी कप संपवला, तो बाजूला धरला आणि मालूला म्हणाले, "अर्धा दे अजून."

मी म्हटले, "बघते." आणि तेवढ्याच चकत्या पुढे केल्या. त्यांच्याकडे राणी आणि गुलाम निघाले. उघड्या पत्त्यांशी त्यांची एकही जोडी जुळली नव्हती. माझ्या नव्व्या जिंकल्या. मालूने किटली खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मितेश सर देसले सरांना म्हणाले, "उठा, पाणी प्या जरा." ते पाणी न पिता बाहेर गेले. त्यांनी ११२ वर फोन करून, इथे जुगार चालतो व हॉटेलची मुलगी खुणा केलेल्या पत्त्यांनी पाहुण्यांना फसवते, असे कळवले. चार वाजून चाळीस मिनिटांनी आपली गाडी आली.

पैसे लावले नव्हते व पत्त्यांवर खुणा नाहीत, हे आज सकाळी आपण स्वतः तपासले आहे. मी पत्ते चोरून पाहिले, एवढाच आरोप उरला. त्याबाबत आज ठाण्यात जे घडले तेही जबाबात यावे, अशी विनंती मी केल्यावरून पुढील मजकूर घेण्यात येत आहे.

आज सकाळी उपनिरीक्षक मॅडमनी माझी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली व मिटून हाताखाली ठेवली. देसले सर, मितेश सर व आम्हा सर्वांसाठी चहा मागवला. मग देसले सरांना विचारले, "तुम्ही हिला पत्ते बघताना स्वतः पाहिलंत?" ते म्हणाले, "शंभर टक्के. स्वतःच्या डोळ्यांनी." हे म्हणताना त्यांनी कप अर्धा केला. मी पाहिले. मॅडमनीही पाहिले असावे, पण ते मी खात्रीने सांगू शकत नाही.

मॅडमनी मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आईशेजारी बाकावर बसवले. आई धसईहून पहिल्या एस.टी.ने मुरबाडला व तिथून जीपने शहापूरला आली होती. मॅडम देसले सरांना म्हणाल्या, "मितेश आठ वेळा पत्ते वाटतील. तुम्ही बघा, मला दाखवा आणि प्रत्येक वेळी, चांगले असोत की वाईट, खेळणार म्हणून सांगा. भाविका, तुला पत्ते दिसणार नाहीत. तू चिठ्ठीवर लिही, चांगले की वाईट." देसले सर म्हणाले, "लिहू दे की."

मी आठ चिठ्ठ्या लिहिल्या. मध्ये हवालदार काकांनी देसले सरांचा कप दोनदा भरला व म्हणाले, "मॅडम, ठाण्याचा चहा संपवतायत हे." मॅडमनी चिठ्ठ्या उघडल्या. आठपैकी सात बरोबर आल्या. एक चुकली. पाचव्या वेळी पत्ते वाईट असूनही त्यांनी चहाला हात लावला नाही, म्हणून मी चांगले लिहिले. नंतर कळले की त्या कपात माशी पडली होती.

मग मॅडमनी माझ्या वहीतील ओळ मोठ्याने वाचली : "ओमकार सर. साखर कमी. पत्ते चांगले असले की चहा विसरतात. नसले की संपवतात व आणखी मागतात. चहा बिघडलेला नव्हता."

देसले सरांच्या हातात तेव्हाही कप होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला.

मॅडम म्हणाल्या, "आता परत विचारते. हिला पत्ते बघताना पाहिलंत?"

ते म्हणाले, "पाहिलं नाही. वाटलं."

"वाटलं म्हणून ११२?"

त्यांनी कप आणखी दूर सरकवला. मी मॅडमना म्हटले की, कपावरून ओळखणे ही लबाडी धरली जात असेल तर तशी नोंद करावी, मी नाकारणार नाही. मितेश सर मध्येच म्हणाले, "पत्ते बघणं लबाडी. माणूस बघणं हाच खेळ. मी दोन दिवस घसा बसेस्तोवर आठ जणांना तेच शिकवलं. शिकली कोण, तर चहा देणारी!"

देसले सरांनी तक्रार मागे घेत असल्याचे व मला पत्ते चोरून पाहताना पाहिले नसल्याचे लिहून दिले. माझ्याविरुद्ध गुन्हा नोंदवला जाणार नाही व पडताळणीच्या कागदावर याचा उल्लेख येणार नाही, असे मॅडमनी मला दोन वेळा सांगितले. दुसऱ्यांदा मी विचारले म्हणून. वही व चषक मला परत मिळाले. चषक आईने पदराने पुसून मांडीवर घेतला.

मॅडमनी विचारले, "अजून काही सांगायचंय?" मी नाही म्हटले. तेव्हा आई म्हणाली, "बाय गो, तुजा चा निवला. मगाधरनं तसाच हाय. पी ना."

सर्वांनी माझ्या कपाकडे पाहिले. तो भरलेला होता व वर जाड साय आली होती. आधी हवालदार काका हसले, मग मॅडम, मग देसले सरही हसले. आईला काय झाले ते कळले नाही. मी तिला घरी जाताना सांगणार आहे.

हा जबाब संगणकावर घेऊन मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर मी तो स्वतः वाचला. त्यात "आठपैकी आठ" असे आले होते, ते माझ्या सांगण्यावरून "आठपैकी सात" असे दुरुस्त केले. बाकी मजकूर मी सांगितला तसाच व खरा आहे. आमच्या घरच्या आजवरच्या सगळ्या कागदांवर अंगठे आहेत. या कागदावर मी सही करत आहे.

(सही)
भाविका यमाजी हिलम