लातूर समजून टेक्सासला

चांगला खेळणारा पोरगा मी उचलून टेक्सासला नेला आणि तिथं बाकावर बसवला. झालं, एवढीच चूक. घर चुकीच्या वेळी घेतलं, शेअर चुकीच्या वेळी विकले, तेही केलंय, पण ते इथं सगळ्यांनीच केलंय. हे मात्र माझं एकट्याचं कर्तृत्व, घ्या लिहून.

आम्ही बार्शीचे. वडील कचेरीत कारकून, मी थोरला. मला बार्शीतच घातलं, बारावीला बेताचे मार्क पडले, मग सोलापूरला इंजिनियरिंग, पुण्यात नोकरी, मग कॉम्प्युटर शिकलो, मग अमेरिका, असं ढकलत ढकलत इथवर आलो. भाऊ श्रीकांत माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याची दहावी झाली तोवर सगळीकडे लातूर लातूर सुरू झालेलं. बोर्डाच्या यादीत पोरं लातूरची, मेडिकलला पोरं लातूरची, जो तो आपलं पोरगं उचलतोय आणि लातूरला नेऊन टाकतोय. वडलांनी श्रीकांतला ट्रंकेसकट नेऊन टाकला, कॉटबेसिसवर खोली, मेसचा डबा, पहाटेपासून क्लास, आणि तो डॉक्टर झाला. आता तो मुळातच हुशार, बार्शीत राहूनही झाला असता, पण हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. माझ्या डोक्यात एकच बसलं, मला कुणी लातूरला पाठवलं नाही म्हणून मी हा असा. काय सांगू तुम्हाला, माणूस अमेरिकेत येतो आणि डोक्यात बार्शी-लातूर एसटी तशीच चालू राहते.

तर, दोन हजार एकला आम्ही कॅरीत होतो, नॉर्थ कॅरोलायनात. मी कन्सल्टिंगला, आणि बायकोला, ज्योतीला, खूप खटपटीनंतर तिच्या केमिस्ट्रीच्या डिग्रीला साजेशी नोकरी मिळालेली, एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये. मिहिर एकुलता एक. माझ्या घराण्यात सगळे काटकुळे, हा गेला ज्योतीच्या माहेरावर, तिचे मामा तालमीत जाणारे, तसा दांडगा. हायस्कूलला गेला आणि तिथल्या कोचनं त्याला फुटबॉलमध्ये घेतलं. आपला पायानं खेळायचा नव्हे, यांचा तो हेल्मेटवाला. महाराष्ट्र मंडळातल्या लोकांची पोरं स्पेलिंगच्या स्पर्धेला, व्हायोलिनला, आणि आमचा चिखल घेऊन घरी यायचा. मला आधी लाज वाटायची. मग एक दिवस कोच म्हणाला, युवर सन इज स्पेशल, आणि लाज गेली ती गेलीच, तिच्या जागी महत्त्वाकांक्षा आली. लाजच बरी होती.

मी खेळाच्या वाटेला गेलो नाही बरं का. मी आकड्यांचा माणूस. रविवारी टीव्हीवर मोठ्या टीमांची मॅच लागली की मी खेळ कधी बघितला नाही, मी बघायचो हा गडी कुठल्या गावचा. टीमांच्या याद्या इंटरनेटवर असतात, त्यात गाव असतं, हायस्कूल असतं. मी सगळं एक्सेलमध्ये भरत सुटलो, काउंटीवार, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं, मग राज्यवार, भिंतीला नकाशा, त्यात टाचण्या. नुसती डोकी मोजली तर टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया. लोकसंख्येनं भागलं की लुइझियाना, मिसिसिपी अशी गरीब राज्यं वर उसळतात. का उसळतात? तिथल्या पोराला गावातून बाहेर पडायला दुसरा दरवाजा नाही म्हणून. हे आत्ता सांगतोय तुम्हाला, तेव्हा डोक्यात आलं नाही. तेव्हा मला फक्त टाचण्या दिसत होत्या. संध्याकाळी मी कॉम्प्युटरवर बसायचो आणि बाहेर गॅरेजसमोरच्या ड्राइव्हवेत मिहिर आणि ज्योतीचं काहीतरी चाललेलं असायचं, सारखा थप्प थप्प आवाज, मी खिडकीतून ओरडायचो, अगं जरा हळू, मी मिहिरचं काम करतोय.

पुढं ग्रीन कार्ड हातात पडलं आणि मला डॅलसच्या उत्तरेला नोकरी मिळाली. मिळाली म्हणजे मी शोधली, टाचण्या बघून. ज्योती म्हणाली, अहो, त्याची टीम इथं आहे, माझी लॅब इथं आहे, जायचं कशाला? मी म्हणालो, श्रीकांत बार्शीत राहिला असता तर? ती म्हणाली, तर बार्शीत दवाखाना असता आणि सासूबाईंजवळ कुणीतरी असतं. त्याच आठवड्यात मी घर विकायला काढलं.

तो कोच घरी आला हो. इतिहास शिकवायचा शाळेत, साधा माणूस, ज्योतीनं केलेले पोहे चमच्यानं खात बसला. म्हणाला, पुढच्या वर्षी मी याला कॅप्टन करतोय, जवळच्याच एका छोट्या कॉलेजनं त्यांच्या टीमसाठी याची चौकशी केलीय, सगळी टीम याला भावासारखं मानते, इथंच राहू द्या. आणि मी त्याला नकाशासमोर उभा केला आणि म्हणालो, सर, नो ऑफेन्स, पण तुमच्या स्टेटचा नंबर मधेच कुठेतरी लागतो. तो नकाशाकडं बघत राहिला. मिहिर जिन्यात उभा होता. तो वळून वर खोलीत गेला. मला वाटलं, पटलं त्याला.

टेक्सासला गेलो तर शाळेचं स्टेडियम बार्शीच्या बसस्टँडसारखी आठ स्टँडं पोटात घेईल एवढं. मी हरखलो, म्हटलं बघ मिहिर, हे लातूर! तिथल्या कोचनं विचारलं, हा कुठल्या पोझिशनला खेळतो? मी म्हणालो, ही इज व्हेरी स्ट्रॉंग, सर. त्यानं मिहिरकडं बघितलं, मिहिरनं एका शब्दात सांगितलं, माझं लक्ष स्कोअरबोर्डकडं. कोच म्हणाला, ती जागा भरलेली आहे, तो पोरगा तिसरीपासून याच पोरांबरोबर खेळतोय, त्याच्या मागे अजून दोघं आहेत, पण वेलकम.

वेलकम म्हणजे बाक, राखीव पोरांचा. दर शुक्रवारी मॅच, आणि हा स्वच्छ कपड्यात बाकावर. कॅरीत चिखल धुवून ज्योतीचा जीव जायचा, टेक्सासात युनिफॉर्म धुवायची गरजच पडेना. ती तो तरीही धुवायची. तिला स्वतःला तिथं लॅब मिळाली नाही, मॉलमध्ये परफ्यूमच्या काउंटरला उभी राहायची, केमिस्ट्रीच होती म्हणा तीही. दोन सीझनमध्ये मिहिरला मैदानात घातलं एकदाच, आमची टीम भरपूर पुढं होती तेव्हा शेवटच्या काही मिनिटांना. आणि मी तेव्हा शेजारच्या गृहस्थाला समजावत होतो, लोकसंख्येनं भागल्यावर लुइझियाना कसं वर येतं. ज्योतीनं माझं कोपर ओढलं, मी म्हणालो थांब गं, वाक्य पुरं करू दे. वाक्य पुरं झालं, मॅचही पुरी झाली.

ते छोटं कॉलेज पुन्हा कशाला विचारतंय? त्यांना व्हिडिओ लागतो खेळतानाचा, बाकावर बसल्याचा कोण बघतो? शेवटच्या मॅचनंतर गाडीत मिहिर म्हणाला, डॅड, आय वॉज गुड, यू नो. एवढंच. त्यानंतर गाडीत रेडिओच. मी श्रीकांतला फोन करून सगळं सांगितलं, म्हटलं तुला लातूरनं मोठं केलं, याला टेक्सासनं का केलं नाही? तो म्हणाला, दादा, लातूरला माझ्या खोलीत आम्ही चार जण होतो, बाकीच्या तिघांचं काय झालं ते तू कधी विचारलं नाहीस.

आता दोन हजार आठ संपत आलं. मिहिर परत नॉर्थ कॅरोलायनात आहे, फिजिकल थेरपी शिकतोय, खेळणाऱ्यांचे गुडघे ठीक करणार. स्वतः खेळत नाही. फोन आईला करतो, मी उचलला तर म्हणतो हाय डॅड, आई आहे का? सुट्टीला येतो तेव्हा नीट वागतो, पाहुण्यासारखा. मला कुणी मंडळात विचारलं, काका, पोरांसाठी कुठल्या शाळेच्या डिस्ट्रिक्टला घर घेऊ, तर मी प्रसाद घेतो आणि सटकतो. नकाशा इथंही लावला होता, तो काढून टाकला, भिंतीला भोकं आहेत, रंग द्यायचाय. पोरगा जिथं आहे तिथं सुखात राहू दे, ते कुठल्या काउंटीत येतं ते मी बघणार नाही.

काय विचारलंत? पोझिशन? मिहिरची? पुढं खेळायचा हो तो. पुढच्या रांगेत, ती दांडगी पोरं वाकून उभी असतात ना, त्यांच्यात. डाव्या बाजूला. म्हणजे उजव्या… ज्योती, अगं, जरा इकडे ये, हे विचारतायत…

ऐकलंत ना, काय म्हणाली? नाही, राहू द्या, लिहा तसंच. ती म्हणाली, मधोमध. बॉल तोच मागे द्यायचा, पायांतून, त्यानं दिल्याशिवाय खेळ सुरू होत नाही. रोज संध्याकाळी ड्राइव्हवेत मागे उभी राहून मी झेलायची. यांना काय विचारताय, यांना अख्ख्या टेक्सासच्या पोरांची गावं पाठ आहेत, स्वतःचा पोरगा कुठं उभा राहायचा ते माहीत नाही.