फक्त दोन नळकांडी

...नाही, तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? मोटरसायकलच्या मागे दोन नळकांडी असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, त्यातून धूर बाहेर पडतो, ती सडली, ती बदलायची. संपला विषय! की नाही? पण नाही. तुम्हाला सांगतो, माणूस घर बांधायला काढतो ना, तेव्हासुद्धा एवढे लोक मध्ये पडत नाहीत, एवढे सल्ले येत नाहीत. आणि मी मागितलं काय होतं? विमान मागितलं होतं? मला फक्त दोन नळकांडी हवी होती!

आता आमची गाडी कशी, ते आधी सांगतो. लांबच्या प्रवासाची. अवजड. दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, समोर वारा अडवायला काच, मागे टेकायला पाठ असलेली सीट. ती मागची सीट आमच्या हिची. दरवर्षी सुट्टी काढायची, पेट्या भरायच्या आणि निघायचं, मी पुढे, ही मागे, लग्न झाल्यापासूनचा नेम. गाडी म्हातारी झाली, मान्य. पण आवाज एकदम नाही हो वाढला, हळूहळू वाढला, जसं पोट वाढतं. आपल्याला कळतच नाही, इतरांना कळतं. खालच्या मजल्यावरचे एकदा जिन्यात म्हणाले, ‘तुम्ही गाडी सुरू केलीत की आमच्या कपाटातले ग्लास एकमेकांशी बोलायला लागतात.’ मी म्हटलं, वा! मला वाटलं कौतुक करतायत, ती तक्रार होती हे मला नंतर कळलं.

मग एक दिवस डाव्या नळकांड्याला खालून भोक पडलं. उजव्याला आधीच होतं. आणि ही म्हणाली, अगदी शांतपणे, कपड्यांच्या घड्या घालता घालता, ‘हे बघा, यंदा गाडीचा आवाज बंद झाला तरच मी येणार. नाहीतर मी बहिणीकडे जाते, तुम्ही गाडी विका. मला गाडीवर तुमच्याशी बोलायचंय.’

मी म्हटलं, ‘अगं मग बोल की, आत्ता बोल, समोरच तर बसलोय.’

‘आत्ता नाही. गाडीवर.’

काय बोलायचंय, विचारायची सोय नाही. आता सांगा, सुट्टी मंजूर झालेली, दिवस जवळ आलेले, गाडी विकायची म्हणजे माझा अर्धा जीव विकायचा, आणि हिच्याशिवाय एकट्याने जाऊन करायचं काय, कुठे चहाला थांबलं तर साखर कमी आहे हे सांगायचं कोणाला? म्हणजे सगळं येऊन अडलं कशावर? दोन नळकांड्यांवर.

आधी गेलो कंपनीच्या दुकानात. काउंटरवरचा माणूस म्हणाला, मॉडेल बंद झालंय, पण मागवता येईल. किंमत सांगताना त्याने आवाज इतका खाली आणला, डॉक्टर आणतात तसा, की मला वाटलं गाडीला काही मोठंच निघालंय. मी म्हटलं, जोडीची ना? म्हणाला, ‘एकाची.’ माझे डोळे पांढरे झाले. आत काय सोन्याची नळी आहे? नुसता पत्रा आणि त्यात भोकं! आणि भोकं तर माझ्याकडे होतीच की, ती मी फुकट देत होतो.

मग मेहुणा. हिचा धाकटा भाऊ. त्याला जगातलं सगळं येतं, फक्त ते करायला त्याच्याकडे वेळ नसतो. फोनवर म्हणाला, ‘भाऊजी, तुम्ही म्हणजे ना अगदीच हे आहात. ऑनलाइन शोधा. आणि सायलेन्सर नका लिहू, मफलर लिहा. जगात सगळे मफलरच म्हणतात.’ बरं बाबा, मफलर तर मफलर. जग म्हणतं तर आपण कोण? आणि मी तिथेच, बैठकीच्या खोलीत, फोन कानाला लावून मोठ्याने म्हणालो, ‘हां, मफलर. दोन. स्वस्तातले, पण टिकाऊ पाहिजेत. वाऱ्यापावसात टिकले पाहिजेत.’

आणि खोलीत कोण होतं? सासूबाई. आठवडाभर राहायला आलेल्या. खिडकीशी बसलेल्या. हातात सुया आणि लोकर!

फोन ठेवला तर त्या म्हणाल्या, ‘जावईबापू, लांबी किती हवी?’ मला इतकं बरं वाटलं हो! म्हटलं, घरात कोणाला तरी माझ्या गाडीची काळजी आहे. मी म्हटलं, ‘दीड हात पुरे.’ म्हणाल्या, ‘एवढा आखूड?’ मी म्हटलं, ‘त्याहून लांब असला की पेटीला घासतो.’ त्यांनी एकदा माझ्या पोटाकडे बघितलं. मग रंग विचारला. मी म्हटलं काळा, मळलेला दिसत नाही. मग म्हणाल्या, ‘पण दोन कशाला?’

मी म्हटलं, ‘एक डावीकडे, एक उजवीकडे.’

त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, आणि मी माझ्या कानांनी ऐकलं, मुलीला म्हणाल्या, ‘यांच्याकडे जरा लक्ष दे गं.’ मला वाटलं, खर्चाबद्दल म्हणतायत.

ऑनलाइनची गंमत तर विचारूच नका. स्वस्त ते बसत नाही, बसतं ते स्वस्त नाही, आणि जे स्वस्तही आहे आणि बसतंही, ते गर्जतं! खाली लोकांनी अभिप्राय लिहिलेले, ‘अप्रतिम! शेजारी घर सोडून गेले!’ अरे, मला शेजारी नको होते घालवायला, बायको राहायला हवी होती! जुने सुटे भाग विकणाऱ्याच्या अंगणात गेलो, त्याने जोडी दाखवली, एक लांब, एक आखूड. मी म्हटलं, ही जोडी? म्हणाला, ‘मागून एका वेळी एकच दिसतो, साहेब.’ आता या माणसाशी काय वाद घालणार? मला फक्त दोन नळकांडी हवी होती, सारखी, शांत, परवडणारी. एवढं जगात नाही?

शेवटी एका पोराची जाहिरात दिसली, जोडी विकायची म्हणून, तडक त्याच्या घरी गेलो. दाढी कोरलेली, गाडी चकचकीत, माझ्या गाडीची जणू शहरात शिकलेली पुतणी. म्हणाला, ‘काका, आवाज असा आहे ना, छातीत वाजतो.’ मी म्हटलं, छातीत काही वाजायला नको, माझं वय बघ. मला शांत हवेत. तो म्हणाला, ‘शांत? मग सायकल घ्या ना.’ मी वळलो. तेवढ्यात घरातून त्याची आई ओरडली, ‘अरे, मग ते माळ्यावरचे दे की त्यांना! वर्षभर डोक्यावर पडलेत!’ काय होते ते? त्याच्या गाडीचे मूळचे! नवी गाडी घेतली, त्याच आठवड्यात शांत नळकांडी काढून माळ्यावर टाकली आणि पैसे मोजून आवाज विकत घेतला! आणि मी? जन्मभर फुकट मिळालेला आवाज पैसे मोजून बंद करायला निघालेलो. त्या माउलीने जवळजवळ फुकटातच दिली, पिशवीसकट, आणि पोराचं मन बदलायच्या आत दार लावून घेतलं.

आता दुसऱ्या मॉडेलची नळकांडी आमच्या गाडीला सरळ बसणार थोडीच? मिस्तरी चार वेळा ‘नाही जमत’ म्हणाला, पाचव्यांदा तोंडाशी पत्र्याची पट्टी गुंडाळून ठोकून बसवली. गाडी ताब्यात देताना म्हणाला, ‘आणि पुढची सीट सांगितल्याप्रमाणे दोन बोटं खाली घेतलीय.’ मी म्हटलं, कोणी सांगितलं? म्हणाला, घरून फोन होता. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाचं असेल, हा सगळ्यांचं सगळ्यांना सांगतो. घरी येईपर्यंत माझे गुडघे हँडलला लागत होते, पण आवाज... अहो, आवाजच नव्हता! सिग्नलला गाडी बंद पडली समजून मी दोनदा बटण दाबलं.

निघायच्या दिवशी सासूबाईंचं पार्सल आलं. उघडलं, तर आत दोन काळे लोकरीचे मफलर. दीड हाताचे. एकाला आतून लाल दोरा, एकाला पांढरा, आणि चिठ्ठीत लिहिलेलं, लाल तो डावा. ही जमिनीवर बसून हसली. हसता हसता दोन्ही एकमेकांना शिवून टाकले, तेव्हा कुठे गळ्याला एक वेढा बसला. म्हणाली, ‘राहू द्या, लागेल तुम्हाला.’ मी म्हटलं, पुढे काच आहे, मला कशाला लागतोय? हिने तो पेटीत अगदी वर ठेवला.

निघालो. गाव संपलं, रस्ता मोकळा झाला, झाडं सुरू झाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला पाखरांचा आवाज ऐकू आला. मी खूश. म्हटलं, जिंकलो! तेवढ्यात मागून, अगदी कानाशी, ‘अहो, ऐकू येतंय?’

मी म्हटलं, ‘स्वच्छ!’

‘मग बाजूला घ्या. आता मी चालवते.’

मी गाडी बाजूला घेतली ती घाबरून. म्हटलं, ‘तुला चालवता येते?’

‘लग्नाआधी बाबांची चालवायचे. सांगितलंय तुम्हाला, त्या लांब बोगद्यातून बाहेर पडताना. तुम्ही मान हलवलीत. मग धरणाच्या कडेने जाताना विचारलं, परवाना काढू का? मान हलवलीत. काढला. परतताना विचारलं, सीट थोडी खाली करून घेऊ का? मान हलवलीत.’

‘अगं, ती मान मी हलवत नव्हतो! रस्ता खराब होता!’

तर ही हेल्मेट काढून, केस मागे सारून, माझ्याकडे बघत म्हणाली, ‘दरवर्षी विचारत आले. दरवर्षी हो म्हणालात आणि एकदाही दिली नाहीत. आधी वाटलं, तुमच्या मनात नाही. फार वाईट वाटायचं. मग वाटलं, कदाचित ऐकूच येत नसेल. म्हटलं, आधी आवाज बंद करून बघू, मग काय ते कळेल.’

कंपनीच्या माणसाला तोंड दिलं, मेहुण्याला दिलं, मिस्तरीला दिलं. हिला सरळ किल्ली दिली. ही बसली, पाय टेकले बरोबर जमिनीला, दोन बोटं कमीच केलेली ना सीट! आणि अशी काही गाडी काढली, तुम्हाला सांगतो, सुरेख! मला राग आला तो त्याचा. माझ्यापेक्षा वळणं चांगली घेते.

तेव्हापासून मी मागे. मागे काच नाही. वारा असा लागतो, म्हणून सांगतो, तो मफलर गळ्याभोवती, लाल दोरा डावीकडे. मला फक्त दोन नळकांडी हवी होती हो... मिळाली चार. दोन गाडीला, दोन माझ्या गळ्यात.

आणि नळकांडी इतकी शांत, की ऐकू आलं नाही म्हणायचीही सोय नाही. मी म्हणतो, ‘अगं, जरा हळू.’ ही मान हलवते. मी म्हणतो, ‘पुढच्या गावापासून मी घेऊ का?’ मान हलवते. परवा तर मी सरळ विचारलं, ‘अगं, हो म्हणतेयस की रस्ता खराब आहे?’

हिने मान हलवली.