करडू कोणाच्या हातून पितं

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा: नाताळच्या सुट्टीत दोघी बहिणी काकूंच्या शेळ्यांच्या गोठ्यावर मदतीला गेल्या आहेत आणि चौथ्याच दिवशी थोरली बॅग उचलून बसच्या रांगेत उभी आहे. धाकटी तिच्या मागोमाग धावत आली आहे.

"ताई, अजून सहा दिवस राहायचंय आपल्याला!"

"तूच राहा. करडू तुझ्याच हातून दूध पितं. मला बघितलं की तोंड फिरवतं."

"म्हणून कुणी घरी जातं का?"

"लेंड्या मी झाडायच्या आणि काकू म्हणणार, 'छोटीच्या हाताला गुण आहे!' जळते मी तुझ्यावर. झालं समाधान?"

"गेल्या वर्षी मला घरी ठेवून एकटी आलीस, तेव्हा मीही अशीच जळले होते."

"अगं पोरींनो, बस आली. पुढे सरका," मागचे आजोबा म्हणाले.

"ताई, थांब. तू हाताला वासाचं क्रीम लावतेस ना, ते करडाला आवडत नाही. काकूंनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं. तुलाही सांग म्हणाल्या होत्या."

"आणि तू आज सांगतेस?"

छोटीने ताईच्या खांद्यावरची बॅग काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि ती गोठ्याच्या रस्त्याला लागली.