वाटणीतला नंदी

सोलापूरच्या सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर कुंभारीची गोजाबाई दुखरी दाढ धरून बसली होती. शेजारी कमलम्मा आणि तिची चौदा वर्षांची गौरव्वा. आत गौरव्वाच्या अप्पांचा मोडलेला हात बांधत होते. गोजाबाईला तोंड उघडवत नव्हतं, म्हणून तिनं कान मोकळे सोडले.

“गौरव्वा, हात जोड. महादेवानं वाचवलं अप्पांना.”

“वाचवायचंच होतं, तर भिंतीवरनं पडू कशाला दिलं?”

“पाडलं ते नंदीनं. घराच्या वाटण्या झाल्या तवा देव्हाऱ्यातला महादेव आपल्याकडं आला, नंदी काकाकडं गेला.”

“म्हंजे देवांचंबी आपसात पटत न्हाय?”

गोजाबाईनं तोंडावर पदर दाबला.

“जीभ आवर! नंदीच आणायला चढले होते की अप्पा.”

“चोरून?”

“चोरून कसं? महादेवाचं वाहन महादेवाकडं नको?”

“भिंतीपलीकडचा नंदी ज्याला बोलवता येत न्हाय, तो अप्पांचा हात काय जोडणार? मी न्हाय मानत आता देवाला.”

“आत बाप कण्हतोय, आन् तू असलं बोलतीस?”

“कण्हतायत म्हणूनच बोलते. अव्वा, अप्पांना पाठीवर घालून हितवर कुणी आणलं?”

“काकानं.”

तेवढ्यात काका घाम पुसत बाहेर आला. “वैनी, हाड बसलं. काळजी नको.”

गौरव्वा उठली आणि तिनं सरळ काकाच्या पायांवर डोकं ठेवलं.

“ऊठ गं!” कमलम्मा ओरडली. “काका आपल्या वाटणीत न्हाय!”