सुया उचलायचं चुंबक

"औषधं लिहून द्यायला एवढा वेळ? आन् पंखा तेवढा डॉक्टरच्या खोलीत!"

लेक आत तपासून घ्यायला गेली म्हणून सात रस्ता चौकातल्या त्या दवाखान्यात बसलेल्या सरोजिनीबाईंनी कान शेजारच्या सासू-सुनेकडं दिले आणि डोळे भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठेवले.

"आत्या, दिवस राहिल्याचं आत्ताच कळलं की. आता तरी कुरकुर सोडा."

"सोडली. पर भार्गवी, चुंबकानं दिवस कसं राहत्यात गं? सुया उचलायचं चुंबक आपल्या शिलाई मशिनीच्या खणात बी हाय की."

"ह्यांच्या नमुन्यात लोखंडाचे लई बारीक कण सोडत्यात. मरायला टेकलेल्या पेशींनाच ते चिकटत्यात. मग चुंबक त्यांना धरून ठेवतं आन् चांगल्या तेवढ्या खाली उतरत्यात, त्याच वापरत्यात."

"हळू! वरदचं कशाला काढतीस? लोक ऐकत्यात."

सरोजिनीबाईंनी कॅलेंडरात एकादशी शोधायला घेतली.

सासूचा फोन वाजला.

"व्हय वन्सं, राहिलं दिवस! काय? सुनेला गुण आला म्हणता?"

"म्हणू द्या त्यांना, आत्या. मला सवय हाय."

"तुला असंल." सासू उठून उभीच राहिली. "ऐका वन्सं. सुनेत काय बी खोट न्हवती. कमी माझ्या वरदमदी हुती."